डॉ. नोशीर वाडिया यांचे संशोधन आणि आपल्या वंशावळी

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत वंशावळीची पुरवणी छापण्याची परंपरा आहे. जन्म, विवाह, पदव्या, बढत्या आणि देवस्थानास दिलेल्या देणग्या यांची नोंद तीत आवर्जून केलेली असते. मृत्यूची नोंद मात्र 'देवाज्ञा झाली' या दोन शब्दांत आटोपते. ती कोणत्या वयात व कोणत्या विकाराने झाली, हे लिहिण्याचा आपल्यात प्रघात नाही. या मौनाची किंमत किती असते, हे मला एका वैद्यकीय संशोधकाच्या लेखनाचा इतिहास अभ्यासताना उमगले. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे योजिले आहे.

हे संशोधक म्हणजे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर होरमसजी वाडिया. १९२५ साली सुरत येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते पुढील अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. १९५७ मध्ये परत आल्यावर त्यांनी जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारला. आपल्या कोकणातून मुंबईस गेलेल्या किती चाकरमान्यांनी आजारपणात त्या रुग्णालयाची पायरी चढली असेल, हे सांगावयास नको. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी मज्जाविकार विभागाची धुरा वाहिली. २०१२ साली त्यांस पद्मभूषण हा सन्मान मिळाला व २०१६ साली ते निवर्तले.

त्यांच्या लेखनातील एक निबंध येथे मुख्यतः विचारात घ्यावयाचा आहे. १९७१ मध्ये त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. १८७८ पासून निघणारे हे नियतकालिक मज्जाशास्त्रात अत्यंत प्रतिष्ठित मानले जाते. निबंधाचा विषय होता नऊ कुटुंबे. त्यांच्यात पिढ्यान्पिढ्या एक विकार उतरत होता. चालताना तोल जाणे, हात थरथरणे, बोलणे जड होणे ही लक्षणे लहान मेंदूच्या इतर विकारांतही आढळतात. वाडियांनी आणखी एक खूण हेरली. आपण वाचताना ओळीच्या शेवटाहून पुढील ओळीच्या आरंभाकडे डोळा क्षणार्धात झेप घेतो. या रुग्णांची ती झेपच मंदावली होती. एका वस्तूकडून दुसरीकडे पाहताना त्यांची बुबुळे सावकाश सरकत. हे पाहण्यास यंत्र लागत नाही. रुग्णासमोर दोन बोटे धरून बारकाईने निरीक्षण करणारा वैद्य लागतो.

या निरीक्षणाचे मोल पुढील २५ वर्षांत हळूहळू उलगडले. क्यूबा देशातील होल्गिन प्रांतात अशाच विकाराची पुष्कळ कुटुंबे आढळली. १९९३ मध्ये त्यांच्या अभ्यासावरून या विकाराचे मूळ बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे दिसून आले. १९९६ मध्ये तीन निरनिराळ्या संशोधक गटांनी प्रत्यक्ष जनुक शोधून काढले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो सामान्यतः २२ च्या आसपास वेळा असतो. तो ३३ वा अधिक वेळा आला, की रोग संभवतो. मातापित्यांपैकी एकास रोग असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. पिढीगणिक हे तुकडे वाढू शकतात, आणि म्हणूनच बापास पन्नाशीत झालेला रोग मुलास तिशीतच गाठू शकतो. १९९८ मध्ये वाडियांनी त्याच 'ब्रेन'मध्ये सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास मांडून डोळ्यांच्या मंद गतीचे निदानातील महत्त्व पुन्हा दाखविले. स्वतःचा जुना दावा नव्या कसोटीवर घासून पाहण्यास त्यांनी २७ वर्षांनी लेखणी उचलली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संशोधकाची थोरवी आज संदर्भोल्लेखांच्या संख्येने मोजली जाते. एखाद्या निबंधाचा आधार पुढील किती निबंधांनी घेतला, याची सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६० नंतरच्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. २००५ मध्ये हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने एक अंक सुचविला. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी निदान २० वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक २०. ही मोजणी उपयुक्त खरी, परंतु तिची मर्यादाही ध्यानी घ्यावी. शोध जसजसा सर्वमान्य होतो, तसतसा मूळ शोधकाचा उल्लेख गळू लागतो. या रोगास आता एक शास्त्रीय नाव व क्रमांक मिळाला आहे, आणि अनेक लेखक तेवढेच लिहून पुढे जातात. तथापि आनुवंशिक विकारांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचीत 'वाडिया-स्वामी' हे पर्यायी नाव टिकून आहे. संख्येत न मावणारे हे ऋण होय.

आणि या साऱ्याचा पाया काय होता? नऊ कुटुंबांनी सांगितलेली हकीकत. आजोबा कसे चालत, आत्याचे हात केव्हापासून थरथरू लागले, हे कोणीतरी आठवून सांगितले, म्हणून ती वंशावळ पूर्ण झाली.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. माझ्या बालपणी आरोंद्यास आमच्या भावकीत एक गृहस्थ होते. चालताना त्यांचा तोल जाई. खाडीपलीकडे गोवा, तेव्हा लोक म्हणत, 'पिऊन आला'. त्यांनी आयुष्यात थेंबही घेतला नव्हता. घरच्यांनी श्री सातेरी भद्रकालीपुढे गाऱ्हाणे घातले, कौल घेतले. पुढे त्यांच्या थोरल्या मुलाचे पाऊलही अडखळू लागले, तेव्हा मुलींच्या लग्नांच्या धास्तीने घराने तोंड मिटले. भावकीची वंशावळ लिहिण्याचे काम मजकडे आले, तेव्हा मी त्या गृहस्थांपुढे 'वार्धक्याने निधन' असे लिहिले. त्यांचे वय तेव्हा ५२ होते. त्यांस कोणता विकार होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ते पुसण्यास मीही हातभार लावला.

या रोगावर समूळ उपाय आजही नाही. परंतु तपासणी आहे, सल्ला आहे, आणि आजारी माणसास दारुडा म्हणण्याच्या पापातून तरी सुटका आहे. वैद्यकीय वंशावळीत नावे नसतात. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ आणि रोग्याची खूण काळी भरलेली. कुणाची अब्रू न जाताही सत्य लिहिता येते, ते असे. ज्ञातिसंस्थेने छापील वंशावळ आहे तशी ठेवावी. मात्र प्रत्येक घराने आपल्यापुरती एक वही करून तीत मृत्यूचे वय व कारण प्रामाणिकपणे लिहावे, आणि ती पुढील पिढीच्या स्वाधीन करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. माझ्या भावकीच्या वहीत ती एक ओळ मी यंदा दुरुस्त केली आहे.