सुट्या भागांचे परीक्षण करणारे एक अल्पमोली यंत्र : पूर्वेतिहास व रचना

विद्युत्-मापनाच्या इतिहासात ‘हे किती आहे?’ आणि ‘हे काय आहे?’ हे दोन प्रश्न निराळे ठेवावे लागतात. 1923 मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून साकारलेल्या ॲव्होमीटरने प्रवाह, दाब व रोध या तिन्ही राशींचे मापन एका पेटीत आणले. तथापि त्याचे उत्तर पहिल्याच प्रश्नापुरते होते. 1947 मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर दुसरा प्रश्न निकडीचा झाला. अक्षरे पुसट झालेल्या तीन पायांच्या भागाची जात ओळखण्याचे ज्ञान मीटरात नव्हे, तर परीक्षकाच्या ठायीच असावे लागे.

हे ज्ञान खुल्या रचनेच्या अल्पमोली यंत्राच्या ठायी आणण्याचे श्रेय मार्कुस फ्रेयेक या जर्मन रचनाकाराकडे जाते. त्यांनी 2009 च्या सुमारास आपली रचना सर्वांसाठी खुली केली; पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी तिचा विस्तार केला. आज काहीशे रुपयांत मिळणारी चिनी बनावटीची परीक्षक-यंत्रे बहुतांशी याच परंपरेतील होत.

यंत्र उघडून पाहिले असता आत फारसे काही आढळत नाही. एक एटीमेगा जातीचा मायक्रोकंट्रोलर, एक पडदा, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तीन अग्रांसाठी सहा रेझिस्टर : तीन 680 ओहमचे, तीन 470 किलोओहमचे. प्रत्येक अग्र आलटून पालटून धन, ऋण वा मोकळे ठेवले जाते. तीन अग्रांच्या मांडणीचे सहा प्रकार संभवतात. ते सर्व तपासून, प्रत्येक वेळी उद्भवणाऱ्या दाबावरून भागाची जात निश्चित होते. अपरिचित भाषेतील पद निरनिराळ्या स्थानी ठेवून त्याचा वर्ग ठरविणाऱ्या वैयाकरणाची रीत याहून फारशी वेगळी नाही. पदाचा वर्ग जसा त्याच्या रूपावरून नव्हे तर वर्तनावरून ठरतो, तसाच येथे भागाचाही.

परंतु वर्तन ज्या परिस्थितीत पाहिले, तिच्यापुरताच निष्कर्ष खरा असतो. जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावी पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या यंत्रावर तपासल्यास आकडा बरोबर येऊ शकेल. मात्र यंत्र सुमारे पाच व्होल्टवर तपासते आणि पंखा 230 व्होल्टवर चालतो. त्या दाबाखालीच प्रकट होणारा दोष यंत्रास दिसत नाही. शिवाय कपॅसिटरमधील साठलेला भार आधी काढून टाकला नाही, तर मायक्रोकंट्रोलरच निकामी होण्याचा संभव असतो. परीक्षकाच्या ज्ञानाची गरज संपली नाही, केवळ तिचे स्थान बदलले, असे म्हणणे प्राप्त आहे.

या इतिहासात आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. खुली रचना हातोहात पसरते, स्वस्त होते. पण अनेक नकलांवर मूळ रचनाकारांचे नाव उरत नाही. वस्तू गावोगाव पोहोचते आणि कर्ता मागे राहतो. लोकवाङ्मयाच्या अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित नाही. तेथे कर्त्याचे नाव बहुधा कायमचे लोपलेले असते. येथे ते अद्याप ज्ञात आहे, म्हणूनच त्याची नोंद वेळीच होणे अगत्याचे आहे.