फारकतीचा कागद

विवाह हा संस्कार असून तो कधीही तुटत नाही, हे तत्त्व न्यायासनांत समस्त हिंदूंचे म्हणून सांगितले जात होते, त्याच काळी नागपूर प्रांतातील कुणबी, तेली, माळी, कोष्टी, महार अशा अनेक समाजांत पंचांसमक्ष नवराबायको मोकळी होत आणि स्त्री पाट लावून नवा संसार मांडीत असे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात या चालीच्या नोंदी ठिकठिकाणी आढळतात. ही वाट बंद होती ती मुख्यतः ब्राह्मणादी घरांतील स्त्रीला. मुंबई प्रांताने १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला, पण मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरास तो लागू नव्हता. येथील परित्यक्तेच्या हाती मुख्यतः फौजदारी प्रक्रिया संहितेचे पोटगीचे कलम ४८८ होते, आणि त्यातील पोटगीची कमाल मर्यादा १९२३ नंतरही दरमहा शंभर रुपयेच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याच्यासाठी कायदेमंत्री म्हणून जिवाचे रान केले, ते हिंदू संहिता विधेयक अखेर तुकड्यातुकड्यांनी संमत झाले आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच्या कलम २९ ने रूढीसिद्ध काडीमोडीचा हक्क अबाधित ठेवला, हे उचितच झाले. परंतु रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेली हे शाबीत करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर पडला, आणि माझ्या मते खरा अन्याय येथेच सुरू झाला. पंचांचे दप्तर नसते, साक्षीदार हयात राहत नाहीत, मुद्रांकावर लिहून घेतलेली फारकत नोटरीच्या शिक्क्याने कायदेशीर होत नाही. रूढी शाबीत झाली नाही की पहिला विवाह कायम ठरतो, दुसरा अवैध ठरतो, आणि ज्या स्त्रीने समाजाच्या संमतीने नवे घर केले तिच्यावर द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाचे कलम येते. अशा अवैध विवाहातील स्त्री, कलम ४८८ च्या जागी आलेल्या कलम १२५ खाली ‘पत्नी’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला. हिंदू विवाह कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने तिची मुले औरस ठरली, ती स्वतः मात्र पोटगीवाचून राहिली.

यावर उपाय म्हणून विवाहविषयक दर्जा जाहीर करून मागण्याचा दावा १९८४ च्या कायद्यान्वये कौटुंबिक न्यायालयात लावता येतो. ज्या घरी असा फारकतीचा कागद जपून ठेवलेला असेल, तेथे पंच आणि वडीलधारी साक्षीदार हयात आहेत तोवरच हा दावा लावणे इष्ट. निवृत्तिवेतनाचा वा वारसाचा कज्जा उभा राहीपर्यंत थांबल्यास पुरावा मिळणे दुरापास्त होते.