विद्यापीठाने सरपण मोजले तेव्हा

‘खेड्यात सर्वांत जास्त ऊर्जा कोठे खर्च होते?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. शेतीपंप, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर अशी उत्तरे येतील. ‘स्वयंपाकघरात’ असे उत्तर देणारा विद्यार्थी विरळाच. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती एकाएकी भडकल्या आणि जगभर ऊर्जेची चर्चा सुरू झाली, तेव्हा ती चर्चाही मुख्यतः तेल, कोळसा आणि वीज यांच्याभोवतीच फिरत होती. जे विकत घेतले जात नाही, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नसे.

हे लक्ष वेधून घेणाऱ्या एका प्रयत्नाचा इतिहास आपण पाहू. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तेव्हा रूढ झालेला नव्हता आणि आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी वेगळे विभागही फारसे नव्हते.

प्रयोगशाळेबाहेरचा प्रश्न

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. जुने बंगळूरकर तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. तेथील अमूल्य रेड्डी (१९३०–२००६) हे विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ. जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत वापरला गेला. नाव झालेला माणूस, स्थिर विषय, सुसज्ज प्रयोगशाळा. तरीही त्यांना एक प्रश्न सतावू लागला : देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात, मग आपल्या उत्तम विज्ञानाचा त्यांच्याशी संबंध काय?

सतीश धवन तेव्हा संस्थेचे संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९७४ मध्ये, ‘अ‍ॅप्लिकेशन ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी टु रूरल एरियाज’ हा उपक्रम सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘अस्त्र’ हे नाव होते. रसायन, स्थापत्य, यंत्र अशा निरनिराळ्या शाखांची माणसे त्यात एकत्र आली. पुढे तुमकूर जिल्ह्यातील कुणिगल तालुक्यात, उंग्रा या गावी, ‘अस्त्र’चे विस्तार केंद्र उभे राहिले.

तराजू घेऊन गावात

उंग्र्याजवळच पुरा नावाचे लहान गाव आहे. १९७७ च्या सुमारास तेथे ५६ घरे होती आणि वस्ती ३५७. ‘अस्त्र’च्या गटाने या आणि शेजारच्या गावांत ऊर्जेची मोजणी केली. किती सरपण जळते, किती रॉकेल लागते, बैल किती वेळ राबतात, माणसे किती वेळ राबतात, हे सारे मोजून एका एककात आणले.

निष्कर्ष डोळे उघडणारा होता. पुऱ्यात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ८९ टक्के ऊर्जा सरपणातून येत होती. त्याखालोखाल माणसांचे श्रम, सुमारे ७ टक्के. रॉकेल, बैल आणि वीज यांचा वाटा प्रत्येकी एक-दोन टक्केच. गावात वीज पोहोचली होती, पण निम्म्याहून कमी घरांत.

वर्षाला सुमारे २१७ टन सरपण जळत होते, म्हणजे घरामागे रोज १० किलोच्या आसपास. हा आकडा किती मोठा आहे हे पाहू. एक किलो वाळलेल्या लाकडातून साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे १० किलोतून ४०,००० किलोकॅलरी. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. या हिशेबाने एक गरीब कुटुंब दररोज सुमारे ४६ युनिटांइतकी ऊर्जा जाळत होते!

मग हे कुटुंब गरीब कसे? कारण साध्या चुलीत दहातील नऊ भाग उष्णता वाया जाते. भांड्याला लागते ती जेमतेम दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. उरलेली हवेत आणि चुलीच्या मातीत जाते, आणि धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत.

त्या सरपणासाठी घरामागे रोज अडीच तासांच्या आसपास वेळ आणि चार-पाच किलोमीटर चाल लागत होती. गावातील मानवी श्रमांपैकी सुमारे ५३ टक्के श्रम स्त्रियांचे होते, ३१ टक्के पुरुषांचे आणि १६ टक्के मुलांचे. आपल्या वर्गातील एखादी मुलगी वारंवार उशिरा येते किंवा गैरहजर राहते, तेव्हा या १६ टक्क्यांची आठवण ठेवावी.

गोबरगॅसचा धडा

मोजणीतून दोन वाटा निघाल्या. एक चुलीची. हवा हवी तेवढीच आत घेणारी, धुराडे असलेली, तीन भांड्यांची सुधारित चूल या गटाने तयार केली. ती ‘अस्त्र ओले’ म्हणून कर्नाटकात परिचित झाली. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल.

दुसरी वाट सामुदायिक गोबरगॅसची. पुऱ्यात शेण जाळत नसत, खतासाठी ठेवत. शेणातून गॅस काढून घेतला तरी उरलेल्या मळीचे खत होतेच. तेव्हा गावच्या शेणाचा गॅस गावच्या चुलींना द्यावा, असे ठरले. कल्पना सरळ होती, पण ती फसली. मिळणारे शेण सर्व घरांच्या सर्व स्वयंपाकाला पुरेना. अर्ध्या स्वयंपाकापुरता गॅस मिळाला तरी उरलेल्या अर्ध्यासाठी रानात जावे लागणारच. मग बाईचा फेरा वाचला कोठे?

येथे प्रकल्प गुंडाळून अहवाल लिहिता आला असता. या गटाने तसे केले नाही. गावाशी पुन्हा बोलणे झाले आणि उद्देश बदलला. गावाला पाणी हवे होते. सप्टेंबर १९८७ पासून याच गॅसवर एक लहान डिझेल इंजिन चालू लागले. गोबरगॅस नुसत्या दाबाने पेट घेत नाही, म्हणून पेटवण्यापुरते थोडे डिझेल आणि बाकी गॅस अशी योजना होती. त्या विजेवर कूपनलिकेचे पाणी वर येऊ लागले आणि घरोघरी दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे काही पैसे मिळत आणि मळी खतासाठी परत मिळे. इंजिन गावातीलच तरुण चालवत.

जो गॅस साऱ्या चुलींना अपुरा होता, तोच पाण्याला आणि दिव्यांना पुरला. कोणती ऊर्जा कोणत्या कामाला योग्य, हे पुऱ्याने शिकवले. हा प्रकल्प काही वर्षे चांगला चालला, पण कायमचा टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. यंत्र बसवणे आणि ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र लागते, केवळ अभियांत्रिकी पुरत नाही.

शाखांच्या भिंती

विद्याशाखा एकत्र याव्यात असे भाषणात सर्वच म्हणतात. पुऱ्याच्या इतिहासात त्या एकत्र आल्या, कारण चूल कोणत्याच एका शाखेत मावत नाही. ज्वलन हे रसायनशास्त्र, उष्णतेचे वहन हे भौतिकशास्त्र, धूर हा आरोग्याचा विषय, लाकूड वनस्पतिशास्त्राचे. फेरा कोणी घालायचा हा मात्र समाजाचा प्रश्न.

‘अस्त्र’ पुढे विज्ञान संस्थेतील शाश्वत तंत्रज्ञान केंद्र झाले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे ‘सितारा’ केंद्र सुरू झाले. २००७ पासून तेथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येते. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना खेड्यात जाऊन राहावे लागते. संशोधन म्हणून जे सुरू झाले, ते असे शिक्षणात उतरले.

वर्गात करण्यासाठी

शाळेतील पर्यावरणाचा प्रकल्प बहुधा चित्रे चिकटवण्यात संपतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांकडून एक मोजणी करून घ्यावी. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि गॅस पुष्कळ घरांत पोहोचला, तरी चूल अनेक ठिकाणी पेटतेच. चूल असलेल्या घरी आठवडाभर सरपण तोलावे. गॅस असेल तेथे सिलिंडर किती दिवस पुरतो ते लिहावे. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. महिनाभर पुरला तर रोजचा खर्च ५,२०० किलोकॅलरींच्या आसपास येतो. पुऱ्यातील ४०,००० शी त्याची तुलना विद्यार्थ्यांनाच करू द्यावी. फरक कोठे गेला, हे त्यांनाच शोधू द्यावे.

तक्त्यात एक रकाना अवश्य ठेवावा : ‘हे कोणी आणले?’ विद्यापीठातील विद्वानांनाही खेड्याची ऊर्जा समजली ती हा रकाना भरल्यानंतरच.