परक्यांच्या बुद्धीचे मोजमाप

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथील मानसशास्त्रज्ञांनी लष्करासाठी दोन बुद्धिमापन चाचण्या सिद्ध केल्या : इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची परीक्षा घेतली गेली. या चाचण्या उपजत बुद्धी, म्हणजे शिक्षणावर व परिसरावर अवलंबून नसलेली जन्मजात क्षमता, मोजतात असा यर्क्स यांचा दावा होता.

प्रत्यक्ष प्रश्नांपुढे तो टिकत नाही. ‘क्रिस्को’ या अमेरिकी वनस्पती तुपाचे नाव सांगून ते औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असे आल्फामध्ये विचारलेले होते. बीटामध्ये शब्दांची अडचण नव्हती. पण अपुऱ्या चित्रात राहिलेली वस्तू काढून दाखवायची होती, आणि चित्रे होती जाळी नसलेल्या टेनिसच्या मैदानाची, कर्णा नसलेल्या ग्रामोफोनची. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्या शेतमजुराने या वस्तू पाहिल्याच नसतील, तर त्याचे कोरे उत्तर त्याच्या आयुष्याविषयी सांगते, बुद्धीविषयी नव्हे.

याहून गंभीर चूक निष्कर्षात झाली. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघम यांनी १९२३ साली या चाचण्यांतील गुणांच्या आधारे अमेरिकी बुद्धिमत्तेवर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत जितकी वर्षे वास्तव्य, तितके परदेशी सैनिकाचे गुण अधिक, आणि २० वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे, हे त्यांच्याच कोष्टकात स्पष्ट होते. ही वाढ तेथील जीवनाच्या परिचयामुळे झाली असे मानण्याऐवजी, पूर्वीचे स्थलांतरित उत्तर युरोपातील श्रेष्ठ ‘नॉर्डिक’ वंशाचे आणि नंतरचे दक्षिण व पूर्व युरोपातील हीन वंशांचे, असा अर्थ त्यांनी लावला. पुरावा समोर असूनही पूर्वग्रहाने त्याचे वाचन फिरवले.

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने १८९० च्या जनगणनेतील त्या-त्या देशात जन्मलेल्यांच्या संख्येच्या २ टक्के एवढाच वार्षिक कोटा प्रत्येक युरोपीय देशाला ठेवला. १८९० हे वर्ष धरले की दक्षिण व पूर्व युरोपीयांची संख्या आपोआप अल्प ठरत होती. हा कायदा केवळ चाचण्यांमुळे झाला नाही, परक्यांविषयीचा आकस जुनाच होता. पण त्या आकसाला शास्त्राचा आधार असल्याचे भासवण्याचे काम चाचण्यांनी केले, आणि ही जबाबदारी मानसशास्त्राला टाळता येत नाही. ब्रिघम यांनी १९३० साली आपले विवेचन निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. राष्ट्रवार कोट्याची पद्धत मात्र १९६५ पर्यंत चालू राहिली.