कॉम्प्युटर चालू होत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी तो नेमका कुठे अडकलाय ते बघा

जुलैचा शेवटचा आठवडा. खरिपाचा पीक विमा भरायची मुदत साधारण ३१ जुलैला संपते, त्यामुळे भोकरसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्रांसमोर सातबारा, आधार आणि पासबुक घेतलेल्या शेतकऱ्यांची गर्दी असते. नेमकी त्याच दिवशी सकाळी लाईट जाते, येते, परत जाते. आणि टेबलावरचा डेस्कटॉप चालूच होत नाही. मग ओळखीतल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो आणि तो न बघताच सांगतो, "फॉरमॅट मारावं लागतंय बघा."

मंडळी, या वाक्याला लगेच ‘हो’ म्हणू नका. कॉम्प्युटर चालू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा बिघाड विजेचा, रॅमचा, एखाद्या केबलचा किंवा विंडोजच्या फाइलचा असतो. तुमचे हिशोब, स्कॅन आणि फोटो डिस्कवर जसेच्या तसे असतात. ते खरोखर जातात ते फॉरमॅट मारल्यावर.

आता बटण दाबल्यावर आत काय होतं ते बघू. भिंतीतली वीज एसएमपीएस नावाच्या डब्यात जाते आणि तिथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होऊन बाहेर पडते. मग मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड जागेवर आहेत का याची हजेरी घेतो. हजेरी नीट झाली की तो डिस्क शोधतो आणि डिस्कवरून विंडोज उचलतो. या साखळीतली कडी कुठे तुटली ते तुम्हाला बाहेरून, स्क्रूड्रायव्हर न उचलता बरंचसं ओळखता येतं.

बटण दाबलं, पण काहीच नाही

लाइट नाही, पंखा नाही, आवाज नाही, म्हणजे वीजच पोचत नाहीये. आधी यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. यूपीएसची बॅटरी २-३ वर्षांत दमते, आणि दमलेला यूपीएस चांगल्या कॉम्प्युटरलाही बंद ठेवतो. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचं छोटं बटण असतं, तेही बघून घ्या. साफसफाई करताना ते बंद होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

लाईट ये-जा करत असेल तर एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी अडकून बसतो. वायर काढा, पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, २-३ मिनिटं थांबा, मग वायर परत लावा. एवढ्यानेही कॉम्प्युटर सुरू झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. नाहीच झाला तर एसएमपीएस बदलायची वेळ आली असू शकते. पण तो डबा घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका विद्युतभार उरलेला असतो.

पंखा फिरतोय, स्क्रीन मात्र काळी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टला हवी, मदरबोर्डच्या नाही.

केबल ठीक असेल तर पहिला संशय रॅमवर घ्या. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामातली धूळ ज्या दुकानात रोज येते, तिथे रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर जमतोच. ‘टूं... टूं...’ असा बीप येत असेल तर हा संशय आणखी पक्का. वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, दोन्ही बाजूंचे क्लिप दाबून रॅम काढा, पट्टी साध्या खोडरबरने हलकेच पुसा, भुसा झटका आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. हा शाळेच्या दप्तरातला उपाय ऐकून हसू येतं, पण दुरुस्ती करणारेही पहिल्यांदा हेच करतात.

घड्याळ मागे गेलं, म्हणून कॉम्प्युटर अडला

मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना तारीख आणि बायोसच्या सेटिंग तो सांभाळतो. तो संपला की दर वेळी तारीख कुठल्या तरी जुन्या सालावर जाते आणि स्क्रीनवर ‘एफ-१ दाबा’ असा मेसेज येतो. एफ-१ दाबून विंडोज सुरू होतं खरं, पण तारीख चुकीची असल्याने सरकारी पोर्टल, बँकेची साइट काहीच उघडत नाही. आणि आपण नेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

याचा पुढचा भाग फारसं कुणी सांगत नाही. सेल गेल्यावर बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असेल आणि बायोस ‘यूईएफआय’वर गेला, तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा मेसेज येतो. डिस्क शाबूत, विंडोज शाबूत, तरी निदान काय? "हार्ड डिस्क उडाली." नवा सेल २०-५० रुपयांत मिळतो आणि ती सेटिंग बदलायला ५ मिनिटंही लागत नाहीत.

हाच मेसेज मागे राहिलेल्या पेन ड्राइव्हमुळेही येतो, म्हणून यूएसबीला लावलेलं सगळं काढून एकदा चालू करा. नंतर डिस्कची साटा केबल घट्ट करा. मात्र डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं तर उरलेला डेटाही खरवडला जाऊ शकतो.

विंडोजचा लोगो येतो आणि तिथेच फिरत राहतो

म्हणजे मशीन ठीक आहे, सॉफ्टवेअर अडलंय. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते, आणि हैदराबाद विमानतळावरचा हाताने लिहिलेला बोर्डिंग पास व्हायरल झाला होता. त्यावरचा उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकायची होती.

तुम्हीही तिथे पोचू शकता. लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा. असं २-३ वेळा केलं की विंडोज १० किंवा ११ स्वतःच दुरुस्तीचा मेनू दाखवतं. त्यात आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सिस्टिम रिस्टोअर, या क्रमाने जा. बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका. अनेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून मिळते. ‘रिसेट’ हा पर्याय सगळ्यात शेवटी, आणि त्यातही ‘कीप माय फाइल्स’. फाइल्स राहतील, पण टॅली, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं मशीन, सगळं नव्याने टाकावं लागेल.

आणि फॉरमॅट अटळच असेल तर? "फक्त सी ड्राइव्ह मारतो, बाकी काही जात नाही," असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि आपल्याकडे निम्मं दुकान डेस्कटॉपवर मांडलेलं असतं. एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर फाइल्स परत मिळणं आणखी अवघड. म्हणून दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा: "दादा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, माझ्या नावाचं अख्खं फोल्डर कॉपी करा, ते मला उघडून दाखवा, आणि मगच फॉरमॅट मारा." कॉपीसाठी रिकामी एक्स्टर्नल डिस्क सोबत न्या. तो वेगळे पैसे मागेल, ते द्या.