न्यूयॉर्कची फोटो लीग : एका सामाईक डार्करूमची हकिगत

छायाचित्रण ही एकट्याची कला आहे असे आपण सहसा समजतो. कॅमेरा एकाच्या हातात असतो, डोळाही एकाचाच, हे खरे आहे. परंतु फिल्मच्या काळात बटण दाबून झाल्यावर निम्मे काम उरत असे, आणि ते एकट्याच्या आवाक्यातले नसे. पुरता काळोख होईल अशी खोली हवी, वाहते पाणी हवे, एन्लार्जर हवा, डेव्हलपरचे आणि हायपोचे ट्रे मांडायला जागा हवी. ज्याचे सारे कुटुंब दोन खोल्यांत राहते त्याने हे कोठून आणावे? ह्या अडचणीवर न्यूयॉर्कमधील काही तरुणांनी जो उपाय काढला, तो पंधरा वर्षे चालला. त्यांच्या संस्थेचे नाव फोटो लीग. मी कलेचा जाणकार नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. म्हणून तिच्या चित्रांपेक्षा तिच्या कारभाराविषयी मला अधिक कुतूहल वाटत आले आहे.

हिचे मूळ १९३० साली निघालेल्या वर्कर्स फिल्म अँड फोटो लीगमध्ये आहे. जागतिक मंदीचे ते दिवस. संप, बेकारांचे मोर्चे, घराबाहेर काढलेली बिऱ्हाडे ह्यांची चित्रे घ्यावीत आणि कामगारांच्या पत्रांना पुरवावीत, हा तिचा उद्योग. कम्युनिस्ट चळवळीशी तिचे नाते होते व ते कोणी लपवलेही नव्हते. १९३६ साली चित्रपटवाले आणि छायाचित्रवाले वेगळे झाले. छायाचित्रवाल्यांनी फोटो लीग हे नाव घेतले. सिड ग्रॉसमन आणि सोल लिबसन हे तिचे दोन प्रमुख चालक तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. सभासदांत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलामुलींचा भरणा मोठा होता. ‘मुलामुलींचा’ असे मुद्दाम म्हणतो, कारण त्या काळाच्या मानाने तेथे स्त्रियांची संख्या लक्षणीय होती, आणि त्या केवळ चहापाण्याला नव्हत्या.

पूर्व एकविसाव्या रस्त्यावर ३१ क्रमांकाच्या इमारतीत लीगचे बिऱ्हाड होते. तेथेच डार्करूम, तेथेच वर्ग, तेथेच सभा आणि भिंतींवर प्रदर्शने. साधने बेताचीच. वर्गणी आणि शिकवणीची फी अशी ठेवलेली की, दुकानात काम करणाऱ्या पोरालाही ती परवडावी. व्यवस्थेचे बहुतेक काम सभासदच बिनपगारी करीत. १९३८ पासून ‘फोटो नोट्स’ नावाचे चक्रमुद्रित पत्रक निघू लागले. पैसा कमी पडला की ‘क्रेझी कॅमेरा बॉल’ नावाचे नाचाचे जलसे करीत व तिकिटे विकून भाड्याची सोय लावीत.

कोणी म्हणेल, एवढ्या किरकोळ गोष्टी कशाला सांगता? ज्याने एकदा तरी संस्थेचा जमाखर्च लिहिला आहे तो असे म्हणणार नाही. एखाद्या धनिकाने खोली दिली तर ती त्याची राहते. तो रागावला की कुलूप लागते. चार आण्यांची का होईना, वर्गणी भरणारा माणूस मात्र खोलीत हक्काने पाय ठेवतो, आणि ट्रे धुतला गेला नाही तर दुसऱ्याला हक्काने बोलतोही. लीगची खरी ताकद ह्या हक्कात होती. आणि पुढे घाव बसला तोही ह्याच ठिकाणी.

ग्रॉसमन शाळेचा प्रमुख होता. विद्यार्थ्याने आणलेले चित्र सर्वांसमोर ठेवायचे आणि त्याची चिरफाड करायची, अशी त्याची रीत. शिकवणे कठोर, काहींना न सोसणारे. पण शिकलेले लोक पुढे आयुष्यभर त्याचे नाव काढीत. शिकून झाले की गट करून एकेका वस्तीचे चित्रण करीत. वॉल्टर रोझेनब्लमने १९३८ मध्ये पिट स्ट्रीट ही गरिबांची गल्ली टिपली. ग्रॉसमन आणि लिबसन ह्यांनी चेल्सी हा भाग घेतला. सर्वांत गाजला तो आरन सिस्किंड ह्याच्या नेतृत्वाखाली झालेला ‘हार्लेम डॉक्युमेंट’. काळ्या लोकांच्या त्या वस्तीत हा गट काही वर्षे जात होता. मात्र ह्या कामावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो घेतला पाहिजे. दुःख, दारिद्र्य, गळके छप्पर एवढेच म्हणजे हार्लेम नव्हे. तेथे हसणारी, नटणारी, शिकणारी माणसेही होती. बाहेरून आलेल्या हितचिंतकाची नजर पुष्कळदा जखमेवरच खिळते. हा दोष आम्हां संघटकांतही असतो.

दुसराही एक दोष होता. सिस्किंडने पुढे एका जुन्या वस्तीतील लाकडी घरांची चित्रे काढली आणि १९४१ साली ती लीगमध्ये मांडली. ह्यात समाज कोठे आहे, असा कित्येकांनी गिल्ला केला. सिस्किंड बाहेर पडला आणि पुढे अमूर्त छायाचित्रणात त्याने मोठे नाव मिळवले. डार्करूम सर्वांची, पण विषय आम्ही सांगू तो, ही भूमिका काही शोभण्यासारखी नव्हती.

तथापि लीगच्या खात्यावर एक मोठी जमा आहे. लुइस हाईन ह्याचे नाव कामगार चळवळीत आदराने घेतले जाते. राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी त्याने १९०८ पासून गिरण्यांत, खाणींत, कारखान्यांत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. बालकामगारविरोधी कायद्यांच्या लढ्यात ती पुराव्यासारखी वापरली गेली. हाच माणूस नोव्हेंबर १९४० मध्ये विपन्नावस्थेत वारला. त्याच्या मुलाने वडिलांचा संग्रह, ठशांसह आणि निगेटिव्हांसह, फोटो लीगच्या हवाली केला. ज्या संस्थेला स्वतःचे भाडे भरताना दमछाक होई, तिने तो सांभाळला.

५ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेचे महाधिवक्ता टॉम क्लार्क ह्यांनी देशविघातक ठरवलेल्या संघटनांची यादी प्रसिद्ध झाली. तीत फोटो लीगचे नाव होते. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, पुरावा दाखवणे नाही. ही यादी ट्रूमन ह्यांच्या मार्च १९४७ च्या हुकुमावरून, केंद्र सरकारच्या नोकरांची निष्ठा तपासण्यासाठी केलेली होती. लीगचे सभासद काही सारे सरकारी नोकर नव्हते. पण अशी यादी कागदावर लिहिलेल्या हेतूपुरती कधीच राहत नाही. मासिकांचे संपादक ती वाचतात, मालक वाचतात. कामासाठी दारोदार फिरणाऱ्या छायाचित्रकाराला तेवढे पुरते.

प्रथम मात्र उलटेच घडले. पॉल स्ट्रँडसारखा नामवंत सभेत उभा राहून बोलला, नवे सभासद आले, ॲन्सेल ॲडम्सने पाठिंबा दिला. १९४८ च्या अखेरीस ‘धिस इज द फोटो लीग’ हे मोठे प्रदर्शन भरवून संस्थेने आपले कामच लोकांपुढे ठेवले. मला हे उत्तर फार योग्य वाटते. पण एप्रिल १९४९ मध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरील खटल्यात अँजेला कॅलोमिरिस ही साक्षीला उभी राहिली. ती लीगचीच सभासद, छायाचित्रकार, आणि १९४२ पासून एफ.बी.आय.ची पगारी खबरी. ग्रॉसमनने आपल्याला पक्षात आणले, असे तिने शपथेवर सांगितले.

ग्रॉसमन पक्षात होता की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेजारी ट्रे धुणारी बाई आपली नावे लिहून देत होती, हे कळल्यावर त्या अंधाऱ्या खोलीत कोण मोकळेपणाने बोलणार? ॲडम्सने राजीनामा दिला. इतरांनी भांडण न करता येणे थांबवले. सभासद घटले तशी वर्गणी घटली, आणि वर्गणीवर उभी असलेली संस्था १९५१ साली बंद झाली. स्ट्रँड त्याआधीच फ्रान्सला निघून गेला होता. ग्रॉसमन आपल्या घरी शिकवण्या घेत राहिला आणि १९५५ च्या अखेरच्या दिवशी, बेचाळिसाव्या वर्षी वारला.

साठ वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, न्यूयॉर्कच्या ज्यू म्यूझियममध्ये लीगच्या चित्रांचे ‘द रॅडिकल कॅमेरा’ हे प्रदर्शन उघडले. हाईनचा संग्रह रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन ह्यांच्या नावाच्या संग्रहालयात गेला. गिरणीत राबणाऱ्या लहान मुलांची चित्रे आजही तेथे आहेत.