पंधरावा डबा

'ट्रेन टू बुसान' पाहिलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो: सगळ्यात जास्त राग कुणाचा आला? झोम्बींचा, असं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही. सगळ्यांना आठवतो तो सूटबूटवाला, बस कंपनीतला बडा साहेब. काही माणसं जिवावर उदार होऊन, झोम्बींनी भरलेले डबे पार करत येतात. हा पंधराव्या डब्यातल्या लोकांना भडकावतो आणि दार आतून बंद ठेवायला लावतो. कशीबशी आत आलेल्यांनाही पुन्हा बाहेर काढलं जातं, का तर तुम्हाला लागण झाली असेल! झोम्बी चावतो कारण तो झोम्बी आहे. पंधराव्या डब्यातली माणसं मात्र तुमच्याआमच्यासारखी धडधाकट आहेत.

येऊन सांग-हो या दिग्दर्शकाचा हा सिनेमा जुलै २०१६ मध्ये आला आणि जेमतेम पाच कोटींच्या देशात त्याची एक कोटी दहा लाखांहून जास्त तिकिटं खपली. केवळ दचकवणाऱ्या सिनेमाला एवढी गर्दी होत नाही. प्रेक्षकांना त्यात ओळखीचं काहीतरी दिसलं होतं.

काय दिसलं? आधी त्या गावाचं नाव बघा. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री २७ तारखेला सोल सोडून गेले. रेडिओवर मात्र त्यांचं रेकॉर्ड केलेलं भाषण वाजत होतं, घाबरू नका म्हणून. २८ च्या पहाटे त्यांच्याच सैन्यानं हान नदीवरचा पूल उडवला. पुलावर माणसं होती, शेकडो मेली. सोलचे लाखो लोक अलीकडेच अडकले, आणि शहर परत जिंकल्यावर त्यांच्यावरच संशय घेतला गेला, की तुम्ही मागे का राहिलात? जे सुटले ते आगगाडीच्या टपावर बसून दक्षिणेच्या टोकाला गेले. ते टोक म्हणजे बुसान. शत्रूच्या हाती कधीच न पडलेलं शहर. सिनेमाचं मूळ कोरियन नाव 'बुसानकडे जाणारी' एवढंच आहे, आणि तिथल्या आजीला ते ऐकून १९५० आठवत असणार.

त्या पळापळीत हात सुटलेली माणसं पुढे तीस वर्षं एकमेकांना शोधत होती. १९८३ मध्ये केबीएस या टीव्ही वाहिनीनं ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी थेट कार्यक्रम सुरू केला. तो १३८ दिवस चालला. गळ्यात नावाची पाटी अडकवलेली म्हातारी माणसं स्टुडिओबाहेर रांगेत उभी असायची. कोरियन झोम्बीपटात सगळा जीव बाप-लेक, नवरा-बायको, बहीण-बहीण यांच्यात का अडकलेला असतो, याचं उत्तर मला त्या पाट्यांमध्ये दिसतं.

दुसरी जखम ताजी होती. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल नावाची प्रवासी बोट बुडाली. ३०४ जण गेले, त्यातले बहुतेक सहलीला निघालेले अकरावीचे विद्यार्थी. बोट कलत असताना स्पीकरवरून सांगितलं जात होतं: जागेवरच थांबा. कप्तान स्वतः आधी निघून गेला. पोरांनी ऐकलं, म्हणून ती मेली. दोन वर्षांनी पडद्यावर सरकारी प्रवक्ता म्हणतो, नागरिकांच्या सुरक्षेला धोका नाही. टीव्ही त्या झोम्बींना 'दंगलखोर' म्हणतो. १९८० मध्ये ग्वांगजूत लष्करानं माणसं मारली तेव्हाही सरकारी बातम्यांत मेलेल्यांना हेच म्हटलं होतं. मध्ये २०१५ साली मर्सची साथ आली, तेव्हा सरकारनं रुग्ण असलेल्या हॉस्पिटलांची नावंच आधी सांगितली नाहीत. थिएटरातल्या माणसाला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आता आपल्याकडे वळू. मराठीत झोम्बी आला तो २६ जानेवारी २०२२ ला, आदित्य सरपोतदारच्या 'झोंबिवली'तून. दोनच दिवसांनी नेटफ्लिक्सवर 'ऑल ऑफ अस आर डेड' आली, शाळेत अडकलेल्या, सुटकेची वाट पाहणाऱ्या पोरांची मालिका. 'झोंबिवली'त डोंबिवलीचे टॉवर आहेत, शेजारची वस्ती आहे आणि मध्ये पाण्याचा प्रश्न आहे. मुद्दा नेमका धरला होता. पण सिनेमा विनोदाकडे इतका झुकतो की शेवटी घशात काही अडकत नाही. (आनंद यादवांच्या 'झोंबी'चा इथे काही संबंध नाही, तरी ते नाव ऐकलं की मला दर वेळी तीच आठवते.)

आपल्याकडे माल कमी नाही. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. १९१८ मध्ये बोटीनं मुंबईत उतरलेला इन्फ्लुएन्झा रेल्वेच्या रुळांवरूनच देशभर गेला. लोकांनी त्याला नाव दिलं मानमोडी. ज्या प्रांतांना सगळ्यात जास्त फटका बसला त्यात आपला मध्यप्रांत होता. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, म्हणजे ताप आला तो अर्धपोटी माणसांवर. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्याआधी १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ याच प्रांतानं सोसले होते. 'किंगडम' मालिकेत भुकेले लोक नकळत माणसाचं मांस घातलेलं सूप पितात आणि झोम्बी होतात, तेव्हा वरच्या महालात मेलेल्या राजाला जिवंत दाखवून सत्ता चालवणं सुरू असतं. ते पाहताना मला जोसन घराण्यापेक्षा आपले हे दुष्काळ जवळचे वाटले.

आणि २०२०. २४ मार्चला रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. मग हैदराबाद-नागपूरकडून देवरीमार्गे छत्तीसगडकडे चालत निघालेली माणसं आम्ही पाहिली. आमच्याकडच्या कितीतरी गावांनी रस्त्यावर बांबू आणि काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. बाहेर उभी असलेली माणसं त्याच गावची होती. धान कापून झाल्यावर कामाला बाहेर पडलेली. कुणाला शाळेत ठेवलं, कुणाला शेतातल्या झोपडीत. पंधरावा डबा म्हणतात तो हाच. पण काटे टाकणाऱ्यांना नुसते खलनायक करून चालणार नाही, कारण तालुक्याच्या दवाखान्याची अवस्था त्यांना पक्की ठाऊक होती. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात रुळांवर झोपलेल्या मध्यप्रदेशच्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. गाड्या बंद आहेत असं समजून ते तिथे झोपले होते.

शहरातले समीक्षक या कोरियन सिनेमांवर एक ठरावीक आक्षेप घेतात: शेवटी फार रडवतात. कोरियातही हा आक्षेप आहे. त्यांच्याकडे अशा रडवण्याला 'सिनपा' म्हणतात, एका जुन्या नाट्यप्रकाराच्या नावावरून, आणि शब्द वापरतात तो नाक मुरडूनच. मला हा आक्षेप झाडीपट्टीत बसून पटत नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि बापानं पोरीला हाकललं की शेकोटीजवळ बसलेल्या बाया पदरानं डोळे पुसतात. पाचच मिनिटांनी विनोदी नट येतो आणि त्याच बाया पोट धरून हसतात. त्यांना कुणी फसवलेलं नसतं. वर्षभर शेतात, घरात जे रडायला जागा मिळत नाही, ते तिथे तिकीट काढून रडतात. 'ट्रेन टू बुसान'मध्ये मा दोंग-सोकचा तो धिप्पाड नवरा तासभर हसवतो आणि मग दार धरून मरतो, ती रीत आमच्या मांडवातल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

शेवटच्या प्रसंगात पोटुशी बाई आणि लहान पोरगी बोगद्यातून चालत येतात. पलीकडे बंदुका रोखलेले शिपाई. अंधारात कळत नाही, येतंय ते माणूस की झोम्बी. वरून हुकूम येतो, गोळी घाला. तेवढ्यात पोरगी गायला लागते, बापाला ऐकवायचं राहून गेलेलं गाणं, आणि शिपाई बंदूक खाली घेतो.

देवरीच्या रस्त्यानं चालत आलेल्यांपैकी कुणीच गात नव्हतं. आधारकार्ड दाखवत होते.